सीट सिक्तेन्री?

आमच्या भागात ‘नीट’ म्हटलं की बारावीची मुलं, हुबळी-धारवाडचे क्लास आणि आईवडिलांची उडालेली झोप एवढंच डोळ्यांपुढे येतं. या परीक्षेला एक थोरली बहीण आहे. तिचं नाव ‘नीट-पीजी’. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एमडी किंवा एमएस करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी तिच्याच दारातून जावं लागतं. ज्यांच्या घरात डॉक्टर आहे त्यांनाच तिची ओळख असते. पण तिच्या नियमांची झळ पोचते ती मात्र तिचं नावही न ऐकलेल्या माणसांना. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली बाळंतीण, हुक्केरीकडचा छातीत कळ आलेला शेतकरी, चंदगडहून वडापच्या गाडीतून बेळगावला आणलेलं तापानं फणफणलेलं पोर, यांना वेळेवर तज्ज्ञ डॉक्टर भेटणार की नाही हे बरंचसं या परीक्षेच्या नियमांवर अवलंबून असतं.

म्हणून आज थोड्या रुक्ष विषयावर लिहिते आहे. सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर शिक्षणाच्या काही जागा वेगळ्या काढून ठेवाव्यात का? आणि ठेवल्या, तर किमान गुणांची अट त्यांच्यापुरती सैल करावी का?

माझी भाची गेली चार वर्षं जंगलपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. माहेर मराठी, सासर कानडी. त्यामुळे ‘पोटात कळ मारतीय’ हेही तिला कळतं आणि ‘होट्टी नोयाकत्तैत्री’ हेही. दिवसा ओपीडी, लसीकरण, बैठका आणि अहवाल. रात्री सर्पदंश, मारामारीतली टाके घालायची डोकी, अडलेली बाळंतपणं. यातून उरलेल्या वेळात ती पुस्तक उघडते. गेल्या गणपतीत दोन्हीकडची मंडळी घरी जमली होती. आरतीला आलेल्या शेजारणीनं तिच्या सासूबाईंना विचारलं, “निम्म सोसीगी सीट सिक्तेन्री?” म्हणजे तुमच्या सुनेला सीट मिळाली का. सासूबाई काही बोलायच्या आत तिचा चुलतभाऊ म्हणाला, “ताईला काय काळजी? तिची रांगच वेगळी. आम्ही दोन वर्षं लायब्ररीत घासायची आणि यांनी मागच्या दारानं आत जायचं.” तोही एमबीबीएस आहे, नोकरी न करता पूर्णवेळ अभ्यास करतो आहे. भाची शांतपणे म्हणाली, “रांग वेगळी आहे रे, पण उंबरा तोच आहे.”

या विषयावर देशाच्या वरिष्ठ न्यायालयात गेली पंचवीस वर्षं जो खल झाला, त्याचं सार भाचीच्या त्या एका वाक्यात आहे.

उंबरा म्हणजे किमान गुण. त्याचा निवाडा आधी झाला. १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे प्रश्न होता तो सामाजिक आरक्षणातल्या उमेदवारांच्या पात्रता गुणांचा. उत्तर प्रदेशात सर्वसाधारण उमेदवाराला ४५ टक्के आणि राखीव गटाला २० टक्के अशी अट होती. एवढी तफावत पदव्युत्तर पातळीवर चालणार नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. हा डॉक्टर उद्या तज्ज्ञ म्हणून रोग्यावर उपचार करणार आहे, शिवाय पुढच्या डॉक्टरांना शिकवणारही आहे, असा त्यामागचा विचार होता. पुढे मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या नियमांत सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के अशी रेषा आखली गेली.

मग प्रश्न आला सरकारी डॉक्टरांचा. तो आला मध्य प्रदेशातून, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे नातलग पिढ्यान्पिढ्या राहतात त्या इंदूर-ग्वाल्हेरच्या राज्यातून. तिथं पदव्युत्तर जागांपैकी २० टक्के जागा राज्याच्या सेवेतल्या डॉक्टरांसाठी होत्या. २००३ साली गोपाल तीर्थानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी शेजारीशेजारी सांगितल्या. एक, या २० टक्के जागा म्हणजे आरक्षण नव्हे, तो प्रवेशाचा एक वेगळा मार्ग आहे आणि राज्याला तो ठेवता येतो. खेड्यात केलेल्या नोकरीचे वाढीव गुणही देता येतात. दोन, परीक्षा मात्र सर्वांची एकच हवी आणि किमान गुण सरकारी डॉक्टरांनाही तेवढेच हवेत. नोकरी केली म्हणून उंबरा खाली घेता येणार नाही.

मला हा निवाडा पटतो. डोंगरातल्या दवाखान्यात चार पावसाळे काढणं ही लहान गोष्ट नाही. तिचं मोल रांगेत धरायला हवं. पण भूल देताना औषधाचं प्रमाण चुकलं तर टेबलावरच्या रोग्याला डॉक्टरनं चार पावसाळे कुठे काढले याचा काही उपयोग नसतो. सेवेनं ज्ञानाची उणीव भरून निघत नाही. तसंच नुसत्या ज्ञानानं सेवेचीही भरून निघत नाही, हे त्या चुलतभावानंही ध्यानात घ्यावं.

त्याच्या तक्रारीत तथ्य नाही असं नव्हे. वेगळ्या रांगेत स्पर्धक कमी असतात. त्यामुळे खुल्या रांगेत ज्या क्रमांकाला हवी ती शाखा मिळत नाही, त्याहून मागच्या क्रमांकाच्या सरकारी डॉक्टरला ती कधी कधी मिळते. ज्याची जागा अशी जाते त्याला ते लागणारच. पण ही खैरात नाही, देवाणघेवाण आहे. राज्य जागा देतं ते आपल्या दवाखान्यांना तज्ज्ञ मिळावा म्हणून. हा व्यवहार पुरा होतो का, याकडे पुढे येऊ.

२००३ नंतरही हा वाद मिटला नाही. मेडिकल कौन्सिलच्या नियमांत दुर्गम भागातल्या सेवेला वाढीव गुण आले. सेवेच्या प्रत्येक वर्षाला मिळालेल्या गुणांच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३० टक्के. हिशेब करून पाहा. ज्याला ४०० गुण मिळाले त्याची दुर्गम भागात तीन वर्षं झाली असतील तर १२० गुण वाढून ५२० होतात. म्हणजे रांगेत केवढी उडी! त्यामुळे कुठलं गाव ‘दुर्गम’ या यादीत बसतं आणि कुठलं नाही, यावरच राज्याराज्यांत भांडणं लागली. त्यातच २०१६ साली उत्तर प्रदेशच्या दिनेशसिंह चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पदवीच्या जागांत सरकारी डॉक्टरांसाठी वेगळा वाटा नाही, फक्त वाढीव गुण. तामिळनाडूत सरकारी डॉक्टरांना निम्म्या जागा देण्याची जुनी पद्धत होती. तिलाच धक्का बसला आणि २०१७ साली तिथले डॉक्टर रस्त्यावर उतरले.

अखेर ३१ ऑगस्ट २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडूच्या डॉक्टर संघटनेच्या खटल्यात निकाल दिला. राज्यांना हा वेगळा मार्ग ठेवण्याचा अधिकार आहे, मेडिकल कौन्सिलला तो काढून घेता येणार नाही. मात्र उमेदवारानं नीटमधले किमान गुण मिळवलेच पाहिजेत. पुन्हा तेच, रांग वेगळी आणि उंबरा एक. याच निकालाच्या आधारावर महाराष्ट्रानं २०२२ मध्ये शासन निर्णय काढून आपल्या सेवेतल्या डॉक्टरांसाठी २० टक्के जागा ठेवल्या. हा मार्ग प्रत्येक राज्य आपापल्या नोकरांसाठी ठेवतं. त्यामुळे चंदगडला महाराष्ट्राच्या नोकरीत असलेल्या डॉक्टरचे नियम वेगळे आणि डोंगराच्या अलीकडे कर्नाटकाच्या नोकरीत असलेल्या त्याच्याच मावसबहिणीचे वेगळे. आपल्या घरांमध्ये अशी तुलना नेहमी होते, म्हणून हे स्पष्ट करून सांगितलं.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावी. ‘आमचा मुलगा इथलाच, मग राज्याच्या वाट्यातली पीजी सीट त्याला आधी का नाही?’ असं पुष्कळजण विचारतात. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. कुठं जन्मलात, कुठं राहता यावर ही जागा मिळत नाही. कुठं सेवा केलीत यावर मात्र वेगळी वाट मिळू शकते. मला यात चांगला अर्थ दिसतो. मातीचा हक्क सांगण्यापेक्षा त्या मातीतल्या माणसांची नाडी धरलेली असणं हे जास्त वजनाचं मानलं गेलं आहे.

आता त्या उंबऱ्याचं पुढे काय झालं ते ऐका. यासाठी टक्के आणि पर्सेंटाइल यांतला फरक कळायला हवा. ५० टक्के म्हणजे ८०० पैकी ४०० गुण. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांतल्या साधारण निम्म्या लोकांच्या वर असणं, मग गुण कितीही असोत. नीट आल्यावर रेषा टक्क्यांवरून पर्सेंटाइलवर गेली. २०२३ साली सर्वसाधारण गटाची ५० पर्सेंटाइलची रेषा ८०० पैकी २९१ गुणांवर आली, म्हणजे साधारण ३६ टक्के. उंबरा तिथंच बराच झिजला होता.

तरीही जागा रिकाम्या राहतच होत्या. जून २०२२ मध्ये १,४५६ रिकाम्या जागांसाठी आणखी एक फेरी घ्या, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात आली. वैद्यकीय शिक्षणाच्या दर्जाशी तडजोड करता येणार नाही, असं म्हणून न्यायालयानं ती फेटाळली. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारनं सर्व गटांसाठी पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. त्यामुळे शून्याखाली, म्हणजे उणे गुण मिळवलेलेही कागदावर पात्र ठरले. जानेवारी २०२५ मध्ये, २०२४ च्या प्रवेशांसाठी, रेषा १५ पर्सेंटाइलवर आणि राखीव गटांसाठी १० वर आणली गेली.

सरकारची बाजूही सांगते. हे सगळे उमेदवार एमबीबीएस उत्तीर्ण डॉक्टरच असतात. प्रवेश परीक्षा फक्त क्रम लावते, तज्ज्ञ म्हणून शिक्कामोर्तब शेवटच्या परीक्षेत होतं. रिकाम्या जागांत शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र असल्या शाखा पुष्कळ असतात, आणि भारी फी असलेल्या खाजगी महाविद्यालयांतल्याही. त्या वाया का घालवायच्या? शिवाय रेषा सर्वांसाठी खाली आणली, कुण्या एकासाठी नाही. हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट मनाला टोचते. २००३ साली ज्या राज्यानं आपल्या खेड्यातल्या डॉक्टरांसाठी सवलत मागितली, त्याला सांगितलं गेलं की उंबरा तसूभरही हलणार नाही, कारण रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे. वीस वर्षांनी तोच उंबरा रिकाम्या जागा भरण्यासाठी उचलून बाजूला ठेवला. खेड्यातल्या दवाखान्यासाठी जे करता आलं नाही ते मोकळ्या खुर्चीसाठी करता आलं. रोग्याच्या जिवाची काळजी २००३ मध्ये खरी असेल, तर ती २०२३ मध्येही खरीच असायला हवी होती.

माझं म्हणणं असं, की उंबरा बरोबर कुठे असावा हे जाणत्यांनी ठरवावं. पण एकदा ठरला की तो परीक्षेच्या आधी ठरावा आणि निकालानंतर हलवू नये. भाची तो ओलांडायला रात्री एकेक वाजेपर्यंत जागते. चुलतभाऊही जागतो. दोघांनाही तो हलता उंबरा नको आहे, आणि या एकाच मुद्द्यावर त्या दोघांचं एकमत आहे.

आता मघाचा व्यवहार. सीट मिळाली, तीन वर्षं झाली, डॉक्टर तज्ज्ञ झाला. पुढे? २०२०च्या निकालात घटनापीठानं राज्यांना हेही सांगितलं होतं, की या वेगळ्या मार्गानं शिकलेल्या डॉक्टरांनी पदवीनंतर निदान पाच वर्षं ग्रामीण, आदिवासी आणि डोंगरी भागात सेवा द्यावी आणि त्यासाठी त्यांच्याकडून बाँड लिहून घ्यावा. त्याआधी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या सेवेचे बाँड वैध ठरवलेच होते. कर्नाटकानं तर २०१२ सालीच वैद्यकीय शिक्षण संपवणाऱ्यांसाठी एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा कायदा केला होता, तो २०२३ मध्ये सैल केला. कागद आहेत, सह्या आहेत. पण बाँडची रक्कम भरून मोकळं होणं आणि शहरात नर्सिंग होम थाटणं हाही आपल्या ओळखीचाच रिवाज आहे. लग्नाच्या बैठकीत ‘बाँड किती राहिला?’ असं विचारणारी स्थळं मी स्वतः पाहिली आहेत.

आकडा एकच देते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांवर लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्क्यांची तूट नोंदली आहे. शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असे चौघे तिथे हवेत. पाच खुर्च्यांतल्या चार रिकाम्या, असा त्याचा अर्थ. या खुर्च्या भरण्यासाठी मात्र कुणी घाईघाईनं अधिसूचना काढल्याचं ऐकिवात नाही.

डॉक्टरला दोष देऊन भागत नाही. तज्ज्ञ पाठवला तरी त्याला काम करता येईल अशी जागा लागते. अडलेल्या बाईचं सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळाला पाहणारा हवा, रक्त हवं. यातला एक जरी नसला तरी बाकीचे तिघे हात चोळत बसतात आणि गाडी जिल्ह्याच्या गावाकडे निघते.

भाचीला भूलशास्त्र घ्यायचं आहे. सासरी आणि माहेरी दोन्हीकडे हे कुणाला आवडलेलं नाही. भूल देणाऱ्याचं नाव पाटीवर येत नाही, बारशाला त्याला कुणी बोलावत नाही. ‘स्त्रीरोग घे, आपल्या गल्लीतच दवाखाना काढू,’ असा सासऱ्यांचा आग्रह आहे. तिनं मला कारण सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका बाईला तिनं पुढच्या रुग्णालयात पाठवलं. तिथं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर हजर होत्या, भूल देणारं कुणी नव्हतं. तिथून पुन्हा गाडी, पुन्हा रस्ता. “आई वाचली, आत्या. मूल गेलं. त्या रात्री मला कळलं की आपल्याकडे कोण कमी आहे.” याहून जास्त ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

सरकारी सेवेतल्या डॉक्टरला वेगळी रांग का द्यावी, याचं उत्तर मला यात दिसतं. लायब्ररीत बसून शाखा निवडणारा रँक पाहतो, कमाई पाहतो, त्यात गैर काही नाही. आरोग्य केंद्रात चार वर्षं काढलेली व्यक्ती रोगी कुठे अडतो ते पाहून शाखा निवडू शकते. सगळेच तशी निवडतील असं नाही. पण तशी निवडणारे दहातले तीन निघाले तरी तालुक्याचं चित्र पालटेल.

म्हणून आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींकडे मागणी करायचीच असेल तर नुसत्या जागा वाढवून मागू नका. बाँडवर सही केलेल्या डॉक्टरला नेमणूक वेळेवर मिळते का, ते विचारा. नेमणुका एकेकट्या न करता जोडीनं करा, स्त्रीरोगतज्ज्ञासोबत भूलतज्ज्ञ द्या, असं सांगा. राहायला धड घर आणि मुलांना धड शाळा नसेल तर पाच वर्षांचा बाँड डॉक्टरला शिक्षेसारखा वाटतो, हेही सांगा. आणि सीमाभागात नेमणूक करताना मराठी-कानडी दोन्ही कळणाऱ्यांचा विचार आधी व्हावा, हे आपण सोडून दुसरं कोण सांगणार? दुखणं माणूस आपल्याच भाषेत सांगतो.

शहरातल्या गल्लीत विचारतात, ‘सीट सिक्तेन्री?’ आरोग्य केंद्राच्या पायरीवर, कडेला पोर घेऊन आलेली बाई विचारते, ‘डॉक्टर अदारेन्री?’ म्हणजे डॉक्टर आहेत का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की आपण पेढे वाटतो. पेढे वाटावेत, जरूर वाटावेत. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येईल तेव्हाच ती सीट कामी आली, असं मी म्हणेन.